वरच्या खोलीचं तापमान

पिंप्राळा, जळगाव
रविवार, २ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही शिरपूरला ठीक असाल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन लावला तर तू उचलत नाहीस. नवलदाजी उचलतात, "हो, बरं, सांगतो" एवढं म्हणतात आणि ठेवतात. म्हणून शेवटी पत्र. पोस्टात आंतर्देशीय मागितलं तर खिडकीतली बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग साधं पाकीट घेतलं.

पत्राचं कारण तुला माहीतच आहे. भाऊबीजेला मी नानांना घ्यायला आलो तेव्हा तू ओवाळलंस, फराळाचं ताट दिलंस आणि मी विषय काढताच दारात उभी राहून म्हणालीस, "त्या वरच्या खोलीत किती तापतं ते आधी मोज. आकडा घेऊन ये. मग नानांना न्यायचं बोल." दहा महिन्यांत तू माझ्याशी बोललेली एवढी तीनच वाक्यं. पाठ झाली आहेत.

तर आकडा आणायच्या मागे लागलोय. उन्हाळा तोंडावर आलाच आहे.

तुला वाटत असेल, भिंतीवर एक तापमापी टांगायची, त्यात काय. मलाही तसंच वाटलं होतं. फुले मार्केटात तीन दुकानं फिरलो. पहिल्याने ताप बघायची नळी काढून दिली. दुसरा म्हणाला, "हवामान केंद्र? ते सरकारचं असतं, विकत नसतं मिळत." तिसऱ्याने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, खाली तापमान दिसणारं. दुकानात एसी चालू होता, मी अंगात स्वेटर घालावा असा गारठा, आणि ते घड्याळ छत्तीस दाखवत होतं. मी म्हटलं, "हे चुकतंय." तो म्हणाला, "साहेब, जळगाव आहे, छत्तीस बरोबरच आहे."

मग आमच्या मयुरीने मोबाईलवर शोधून दिलं. घरी लावायची हवामान केंद्रं मिळतात अक्का, आणि एक नाही, पन्नास प्रकारची. एक साधं, दोन तुकड्यांचं: एक बाहेर टांगायचं, दुसरं घरात ठेवून आकडा बघायचा. दुसरं वायफायवर चालणारं, आकडा थेट मोबाईलवर. तिसऱ्यात वाऱ्याच्या वाट्या, पाऊस मोजायचं भांडं, हवेचा दाब, सगळंच. लोकांचे अभिप्राय वाचत बसलो. एकाने परदेशातून लिहिलंय, उणे वीसमध्येही उत्तम चालतं. मी त्या उणे वीसचं काय लोणचं घालू? पंचेचाळीसच्या वर चालतं का, हे कुणीच लिहीत नाही.

तू म्हणशील, एवढा घोळ कशाला. पण एकदाच घ्यायचं तर नीट घ्यावं. मागच्या मेमध्ये, नाना वर होते त्या दिवशी, मोबाईल त्रेचाळीस दाखवत होता आणि त्रेचाळीस म्हणजे आपल्याला काही नवीन नाही. आपण काय महाबळेश्वरला वाढलो? त्या दिवशी लाईट गेली, कूलर बंद पडला, त्याला मी तरी काय करणार होतो? हे मी दवाखान्यातही सांगितलं, तुलाही सांगितलं.

इथे जो तो विचारतो, नाना कुठे? मी म्हणतो, हवापालटाला अक्काकडे. दहा महिन्यांचा हवापालट. मुलगा असताना बाप लेकीच्या दारी, असं लोक तोंडावर म्हणत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

नानांना माझा नमस्कार सांग. हात अजून तसेच थरथरतात का? दाजींना विचारलं तर म्हणाले, "चाललंय."

तुझा भाऊ,
कुंदन


पिंप्राळा
रविवार, २३ मार्च २०२५

ती. अक्का,

नमस्कार. उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तरी हे दुसरं.

शेवटी ते मधलं, वायफायवालं मागवलं. आलं तेव्हा त्यात सेल नव्हते. सेल आणले तर आमचं वायफाय त्याला चालेना. कंपनीला फोन केला. एक मुलगी हिंदीत म्हणाली, "सर, राउटर बदलून बघा." यंत्रासाठी घरातलं वायफाय बदलायचं. उद्या म्हणाल घर बदला. परत पाठवायचं ठरवलं. परत न्यायला येणारा माणूस दोनदा येऊन गेला म्हणे. मला विचार, एकदाही आला नाही.

मग साधं, दोन तुकड्यांचं घेतलं. बाहेरचा तुकडा गच्चीवर कठड्याला तारेने बांधला. दुपारी कारखान्यातून हेमांगीला फोन केला, किती दाखवतंय? ती म्हणाली, "अठ्ठावन्न." मी म्हटलं, नीट बघ. म्हणाली, "पाच आणि आठ. अजून कसं नीट बघू?" मार्च महिन्यात अठ्ठावन्न. संध्याकाळी येऊन ते काढलं, झटकलं, पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी साठाच्या जवळ.

आमच्या मागच्या गल्लीत कुंदाबाई म्हणून राहतात, शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता रिटायर झाल्या आहेत. त्यांच्या अंगणात पाऊस मोजायचं भांडं आहे, वीस वर्षं रोज मोजतात. हेमांगी म्हणाली त्यांना विचारा. गेलो. यंत्र बघून त्या हसल्या.

"कुंदनभाऊ, तुम्ही हवेचं तापमान नाही मोजलं. डब्बा उन्हात तापला, त्या डब्याचं तापमान मोजलं तुम्ही."

मग त्यांनी सगळं समजावलं. सावलीत लावायचं, भिंतीपासून लांब, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, चहूबाजूंनी वारा लागेल असं. शाळेत पांढरी जाळीदार पेटी असायची बघ, तशी पेटी हवी. मी तशी पेटी सुताराकडून करून घेतली, अंगणात कढीपत्त्याच्या झाडाशेजारी खांब रोवला. पहिल्याच आठवड्यात सुताराने लावलेला रंग निघाला, तो वेगळा वैताग. पण आकडा जाग्यावर आला. दुपारी एकोणचाळीस. मोबाईलशी एका अंशाचा फरक.

तुला कळवायला आनंद होतोय असं लिहिणार होतो, पण कुंदाबाई पेटी बघायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "बाहेरचं झालं. पण तुम्हाला मोजायचंय ते आतलं ना? हेमांगी म्हणत होती, वरच्या खोलीचं."

मी म्हटलं, "आधी बाहेरचं पक्कं करू."

"बाहेरच्यात कोण राहणार आहे?" त्या म्हणाल्या.

मास्तरीण लोकांना सवय असते, समोरच्याला उभं करून विचारायची. मला राग आला. चहा न घेताच त्या गेल्या.

अक्का, मी तुला बाहेरचे आकडे रोज लिहून पाठवू शकतो. वाऱ्याचं यंत्रही घेईन म्हणतो. खोलीत वारा येतो की नाही हे कळायला वाऱ्याची दिशा कळलेली बरी. त्यात काही चूक आहे का?

नानांना सांग, कढीपत्ता जोरात आहे. त्यांनीच लावला होता.

तुझा,
कुंदन


पिंप्राळा
रविवार, १३ एप्रिल २०२५

अक्का,

काल दाजींचा फोन आला होता. ते तुझंच बोलत होते हे मला पहिल्या वाक्यात कळलं, कारण ते स्वतः एवढं बोलत नाहीत.

"तुझी अक्का विचारते, वाऱ्याचा वेग कुणी मागितला होता? खोलीचं किती ते सांग."

मी म्हटलं, "काम चालू आहे."

"दुसरं विचारते. त्या दिवशी लाईट गेली होती ना? मग पुण्याचे पाहुणे तीन तास हॉलमध्ये बसले कसे? मे महिन्यात, कूलरशिवाय?"

मी म्हटलं इन्व्हर्टर होता. दाजी "बरं" म्हणाले आणि ठेवला फोन.

असं चौकशीला बसवायचं असेल तर तू स्वतः फोन कर ना. दाजींच्या तोंडून कशाला? मी लहान आहे, पण पन्नाशीला आलेला लहान आहे. कारखान्यात पन्नास गाड्या पाइप भरून मार्गी लावतो, कुणाची तक्रार नसते. घरी आलो की हेमांगी गप्प, मयुरी मोबाईलमध्ये, आणि अंगणात ती पांढरी पेटी उभी. कधी कधी वाटतं उखडून फेकून द्यावी.

आता खरंच वाईट सांगतो. हे लिहायचं नव्हतं.

परवा सुट्टीच्या दिवशी मी जेवून पडलो होतो. मयुरीने माझ्या नकळत घरातला तुकडा, आकडे दाखवणारा, उचलला आणि वर नेऊन ठेवला. त्यालाही स्वतःचं तापमान कळतं, खोलीचं. तासाभराने ती खाली आली, माझ्या उशाशी उभी राहिली.

"पप्पा, हे बघा."

आकडा नव्हता. आकड्याच्या जागी इंग्रजी एच, दोन एच. मला वाटलं बिघडलं. पुस्तिका काढली. पुस्तिकेत लिहिलंय, पन्नासच्या वर गेलं की यंत्र मोजू शकत नाही, तेव्हा ही अक्षरं येतात. अजून एप्रिलच आहे, अक्का.

मी तिच्यावरच ओरडलो. कुणी सांगितलं होतं वर न्यायला, यंत्र खराब झालं असतं तर, वगैरे. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मला सांगितलं होतं, आजोबा झोपलेत, उठवू नको. ते खरंच झोपले होते का?"

मी म्हटलं, "झोपलेच होते."

त्या दिवशी मयुरीला बघायला आलेल्या पुण्याच्या स्थळाचा नकार आला होता ते तुला माहीतच आहे. कारण म्हणे पत्रिका. मयुरी म्हणते बरं झालं. आता ती नाशिकला नोकरीची मुलाखत देऊन आली आहे. मला विचारलंही नाही, हेमांगीला सांगून गेली.

पन्नासला दम तोडणारं यंत्र खान्देशात विकतात, याचीच मला जास्त चीड येते. हे बघायला हवं होतं मी, घेताना. डबीवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. साठपर्यंत मोजणारं एक आहे, ते मागवलंय.

खोलीचा आकडा पाठवतो. पाठवतो म्हणजे पाठवतो.

कुंदन


पिंप्राळा
रविवार, ४ मे २०२५

अक्का,

आकडा: एक्कावन्न पूर्णांक चार. काल, शनिवारी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी. खाटेवर डोक्याएवढ्या उंचीवर, कूलर बंद, खिडकी उघडी. त्याच वेळी अंगणातल्या पेटीत त्रेचाळीस पूर्णांक सहा. मोबाईलवर त्रेचाळीस.

म्हणजे मोबाईल खोटं सांगत नव्हता. मी वर्षभर त्याच्यावर ढकलत होतो.

हा आकडा घेताना मी खोलीत बसून होतो. ठरवलं होतं, साडेबारापासून चार वाजेपर्यंत बसायचं. वर पत्रा, दुपारी त्याला हात लावला तर कातडी सोलून निघेल. पण वर जायला सव्वादोन वाजवले आणि तीनच्या आत खाली आलो. पस्तीस मिनिटं. कानात गुणगुण सुरू झाली, हातपाय जड, आणि मग एक वेळ अशी आली की उठावंसं वाटेना. भीती वाटली म्हणून उठलो. हेमांगी जिन्याखाली पाणी घेऊन उभी होती. 

आता बाकीचं लिहितो. चार पानं फाडून हे लिहितोय, तेव्हा वाचताना मध्येच ठेवू नकोस.

लाईट गेली नव्हती.

त्या दिवशी लाईट सकाळपासून संध्याकाळपर्यंत होती. कूलर मी स्वतः, सकाळी नऊ वाजता, वरून खाली हॉलमध्ये आणला. आमचा हॉलमधला कूलर आवाज करतो, पाणी उडवतो, आणि पुण्याची माणसं येणार होती. इंजिनिअर मुलगा, आई कॉलेजात शिकवणारी. दोन कूलर समोरासमोर लावले म्हणजे हॉल बरा राहील असा हिशोब केला. हेमांगी म्हणाली, "मग नानांना खाली मागच्या खोलीत झोपवू." मी नाही म्हटलं.

का नाही म्हटलं ते सांगतो. त्याआधीचं धुळ्याचं स्थळ तुला आठवत असेल. सगळं नीट चाललं होतं, आणि नाना नुसत्या बंडीवर बाहेर आले, मुलाच्या बापाशेजारी बसले आणि सरळ विचारलं, "पोऱ्या दारू पेस का?" तो माणूस हसला, पण आठ दिवसांनी नकार आला. नकार त्याच्यामुळेच आला असं मी धरून चाललो. खरं म्हणजे मुलगा पितो का हा प्रश्न बरोबर होता, तो मी विचारायला हवा होता. पण मला लाज वाटली. नानांच्या बंडीची, त्यांच्या तंबाखूची, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्याची. ज्या बोलीत मला आणि तुला वाढवलं, त्या बोलीची. पुण्याची बाई समोर बसेल आणि हा माणूस "आहे"च्या जागी "शे, शे" करत बोलेल, हे मला नको होतं.

म्हणून साडेअकराला त्यांना जेवायला वाढलं आणि म्हटलं, "नाना, तुम्ही वर जाऊन पडा. पाहुणे गेले की मी बोलवायला येतो. तोवर खाली येऊ नका."

नाना ताटातला घास संपवून म्हणाले, "मी वर पडी ऱ्हासू. तू पोरनं पाह."

एवढंच. का, कशाला, काही नाही. तांब्याभर पाणी घेऊन वर गेले.

पाहुणे साडेबाराला आले. दोन कूलरची हवा, आमरस, गप्पा. दोन वाजता एकदा माझ्या मनात आलं, वर बघून यावं. तेव्हाच मी मोबाईल काढून तापमान बघितलं. त्रेचाळीस. ठीक आहे, म्हटलं. मुलाचे वडील मला त्यांच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगत होते. ते मी ऐकत बसलो. अक्का, जिना अठरा पायऱ्यांचा आहे.

ते चारला गेले. चार वाजून वीस मिनिटांनी मी वर गेलो.

नाना खाटेवर नव्हते, दाराशी जमिनीवर टेकून बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर टोपी. त्यांना वाटलं असावं, मध्येच बोलावतील. तयार होऊन बसले होते. तांब्या रिकामा, सदऱ्याचा पुढचा भाग ओला झाला असावा, तो वाळून कडक झाला होता. अंग हात लावता येणार नाही इतकं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. माझ्याकडे बघितलं, पण माझ्याकडे बघत होते की नाही सांगता येत नाही, आणि म्हणाले,

"पाव्हना गयात का?"

मी हो म्हटलं. मग त्यांचे डोळे फिरले.

पुढचं तुला माहीत आहे. दहा दिवस दवाखाना, डॉक्टरांचं ते सांगणं, की मेंदूचा तोल सांभाळणारा भाग भाजल्यासारखा झालाय, चालणं आणि बोलणं पूर्वीसारखं होणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, एवढा वेळ कसे राहिले? मी म्हटलं, लाईट गेली होती. तोंडातून निघून गेलं. मग तुला तेच सांगितलं, दाजींना तेच, कारखान्यात तेच. हेमांगीने मला खोटं पाडलं नाही. त्याबद्दल तिचे आभार मानावेत की कसं, मला कळत नाही. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते.

मी यंत्रं निवडत बसलो ते का, हे आता तुला कळलं असेल. वारा, पाऊस, दाब, सगळं मोजायला तयार होतो.

एक विनंती आहे. हे पत्र नानांना वाचून दाखव. आपल्या बोलीत सांग, म्हणजे नीट कळेल. मग तुला जे वाटेल ते कर.

कुंदन


पिंप्राळा
सोमवार, १९ मे २०२५

ती. अक्का,

परवा वर्षभरानंतर तुझा आवाज फोनवर ऐकला. तू एकच वाक्य बोललीस, "नाना म्हणतात लाईनच गयी व्हती, तू खोटं लिहिलंस." आणि ठेवलास.  दवाखान्यात मी डॉक्टरांशी बोललो तेव्हा नाना शुद्धीत नसावेत असं मी समजत होतो. ते ऐकत होते. आणि वर्षभर, त्या अडखळत्या जिभेने, तुझ्यासमोर माझं खोटं सांभाळत होते.

म्हणून काल न कळवता आलो. तू दार उघडलंस, पाणी दिलंस, त्याबद्दल काय लिहू. तू समोर होतीस तोवर मला आणि नानांना दोघांनाही बोलता आलं नाही. मग तू दळण आणायला गेलीस. त्या पाऊण तासात काय झालं ते तुला कळायला हवं. आल्यावर तू विचारलं नाहीस आणि माझ्याने सांगवलं नाही.

नाना तुमच्या मातीच्या धाब्याच्या खोलीत खाटेवर बसले होते. काय गार खोली आहे ती. मी खाली जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "नाना, लाईट होती. कूलर मी खाली नेला होता."

ते म्हणाले, "लाईन गयी व्हती."

"नाही नाना."

"गयी व्हती," ते म्हणाले. जोर देऊन. बोलताना मान हलत होती.

मी म्हटलं, "नाना, अक्काला मी सगळं लिहिलंय. आता तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलू नका."

ते दाराबाहेर बघत राहिले. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं, होत नव्हता. मला वाटलं ते विसरले, हल्ली विसरतात असं दाजी म्हणाले होते. मग एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं,

"जिनानं दार का बरं लायेल व्हतं?"

अक्का, मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. मलाही लिहिताना तसंच वाटत होतं. हे राहिलं होतं. राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं.

जिन्याच्या खालच्या टोकाला आमच्याकडे दार आहे. पाहुणे आले तेव्हा मी त्याची कडी लावली. नाना विसरून मध्येच खाली येतील म्हणून. हे हेमांगीलाही माहीत नाही. चारनंतर वर जाताना मीच कडी काढली, आणि त्यानंतर ती लावली होती हे मी स्वतःलाही सांगितलं नाही.

"तुम्ही खाली आला होता?" मी विचारलं.

"उनू व्हतू," ते म्हणाले. "दोनदा."

"मग वाजवायचं ना नाना. हाक मारायची."

ते माझ्याकडे बघत म्हणाले, "पाव्हना व्हतात."

पाहुणे होते. म्हणून त्यांनी दार वाजवलं नाही. अठरा पायऱ्या पुन्हा चढून वर गेले. दोनदा.

मी म्हटलं, "नाना, कडी मी लावली. तुम्ही खाली येऊ नये म्हणून. मला तुमची लाज वाटत होती." हे आपल्या बोलीत म्हटलं. मराठीत म्हणवेना. त्यांनी ऐकलं. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत, आणि मी मागितलीही नाही, मागायला तोंड नव्हतं. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. फक्त मान भिंतीकडे वळवली आणि तशीच ठेवली.

मग कितीतरी वेळाने गालावरून हात फिरवला, तो थरथरणारा हात, आणि म्हणाले, "दाढी वाढी गयी. करी दे."

तू आलीस तेव्हा मी त्यांची दाढी करत होतो. तू दारात पिठाचा डबा धरून थांबलीस ते मी पाहिलं. त्यांची मान हलते म्हणून एक हात हनुवटीखाली धरावा लागतो, मग वस्तरा फिरवता येतो. एका गालाला दहा मिनिटं लागली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी निघताना विचारलं, "येता का घरी?" तेव्हा काय म्हणाले ते तू ऐकलंसच: "आठे माले बरं शे." मलाही वाटतं, तिथेच बरं आहे. आता न्यायचं बोलणार नाही. लोक विचारतील त्यांना मी सांगेन, नाना अक्काकडे राहतात. हवापालट म्हणणार नाही.

हेमांगीला आज सकाळी कडीचं सांगितलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, "मयुरीला तू स्वतः सांग." मयुरीला नाशिकची नोकरी लागली आहे, एक तारखेला जाणार. त्याआधी सांगेन. आज संध्याकाळीच सांगेन.

आता तुला एक विचारायचं आहे, आणि या वेळी दाजींकरवी नको, तू स्वतः हो किंवा नाही सांग. दर रविवारी सकाळच्या गाडीने मी शिरपूरला येईन. नानांची दाढी करीन, अंघोळ घालीन, नखं काढीन. तासा-दोन तासांचं काम आहे. तुझ्याकडे जेवायला थांबणार नाही. तू बोललीस तर बोलेन, नाही बोललीस तर काम करून परत येईन.

नाही म्हणालीस तर येणार नाही. पण नानांची दाढी कुणाकडून तरी दर आठवड्याला करून घे. त्यांना खुंट टोचतात, सांगत नाहीत.

ते सांगत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

कुंदन